पहिली बॅच भरते कशी आणि टिकते कशी: स्वतंत्र योगशिक्षकांसाठी

कोर्स संपतो, प्रमाणपत्र हातात येतं आणि मग लक्षात येतं की माणसं कुठून आणायची हे कुणी शिकवलंच नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिका, सांताक्रूझच्या योग इन्स्टिट्यूटमध्ये शिका, मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका घ्या किंवा आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा द्या. आसनं होतात, शरीरशास्त्र होतं, पतंजलीची सूत्रं पाठ होतात. फीचं बोलणं कसं करायचं, सोसायटीच्या सेक्रेटरीला काय लिहून द्यायचं, यायचं बंद केलेल्या काकूंना काय मेसेज करायचा, हे मात्र ज्याचं त्यानं शिकायचं असतं.

पुढचं सगळं स्वतःचा स्टुडिओ नसलेल्या शिक्षकासाठी आहे. म्हणजे सोसायटीचा हॉल, एखादी गच्ची किंवा लोकांची घरं हेच ज्याचं कामाचं ठिकाण, त्याच्यासाठी. मॅटवरचं पिलाटीस शिकवत असाल तरी हेच लागू पडेल. पिलाटीसचं रिफॉर्मर मशीन (स्प्रिंग लावलेला सरकता पाट) घेऊन बसायचं असेल तर जागा, भांडवल आणि गिऱ्हाईक तिन्हींचा हिशेब वेगळा होतो, त्यामुळे ते इथं नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. नवे शिक्षक सगळं डोकं जाहिरातीत घालतात. पण क्लास बंद पडतो तो लोक आले नाहीत म्हणून क्वचितच. आलेले लोक तिसऱ्या आठवड्यात गळायला लागतात, तिथं तो बसतो. त्यामुळे खाली माणसं मिळवण्यापेक्षा टिकवण्यावर जास्त लिहिलं आहे.

१. आधी वेळ ठरवा

तुम्ही वेळ ठरवलीत की माणसं आपोआप ठरतात. सकाळी सहाला येतात ते निवृत्त लोक आणि नऊची बस पकडणारे नोकरदार. साडेदहाला येतात त्या पोरांचे डबे आणि धुणीभांडी उरकून मोकळ्या झालेल्या बायका. संध्याकाळी सातला आयटीवाले येतात. दिवसभर खुर्चीत बसून मान आखडलेली असते आणि आठवड्यातून दोनदा तरी त्यांची मीटिंग लांबते.

यातली एकच बॅच निवडा आणि ती उभी करा. ‘सर्वांसाठी योग, सकाळ व संध्याकाळ’ असा फ्लेक्स लावून कुणालाच तो आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. ‘पंचावन्नच्या पुढच्या बायकांसाठी, सकाळी साडेदहा, खुर्चीचा आधार घेऊन’ असं लिहिलंत तर वाचणारी निदान सुनेला फोन लावायला सांगते.

अंतराचंही बघा. रोज येणारा माणूस दहा मिनिटं चालण्याच्या आतलाच असतो. त्याहून लांबचा माणूस उत्साहानं नाव नोंदवतो आणि जूनच्या पहिल्या जोरदार पावसात दिसेनासा होतो.

२. जागा

गच्ची फुकट मिळते आणि सूर्यनमस्काराच्या फोटोंना छान दिसते. पण जून ते सप्टेंबर ती नसल्यातच जमा. सोसायटीचं क्लबहाऊस, शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप किंवा मंगल कार्यालयाचा छोटा हॉल बघा. देवळात वर्षभरातले उत्सव कोणते आणि कार्यालयात लग्नाच्या तिथी कोणत्या, हे आधीच लिहून घ्या, नाहीतर ऐन वेळी बाहेर उभं राहावं लागतं.

सोसायटीत सेक्रेटरींशी तोंडी बोलून थांबू नका. कमिटीच्या नावानं अर्धं पान अर्ज द्या. त्यात वार, वेळ, जास्तीत जास्त किती माणसं, बाहेरचे लोक येणार का, भाडं किती, लाइट-पंखे कोण बंद करणार, एवढं असावं. बाहेरच्या लोकांचा मुद्दा स्पष्ट लिहा, कारण तक्रार तिथंच येते. कमिटी बदलली तरी कागद फाईलला राहतो.

सामान कमी घ्या. मॅट ज्याची त्यानं आणावी, तुम्ही चार जादा ठेवा. हाताचे दांडे नसलेल्या मजबूत खुर्च्या मात्र हव्यात. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन शिकवण्याची पद्धत पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांमुळे लोकांच्या चांगल्या ओळखीची आहे, त्यामुळे खुर्ची बघून कुणी नाक मुरडत नाही. पट्ट्याऐवजी सुती ओढणी आणि बोल्स्टरऐवजी, म्हणजे लोडासारख्या लांब उशीऐवजी, घडी घातलेली सतरंजी चालते. तीच वस्तू घरीही असते म्हणून लोक घरी करून बघतात, हा वरचा फायदा.

३. पहिली आठ-दहा माणसं

ही ओळखीतूनच येतात, त्यात कमीपणा काही नाही. पण ‘योगा क्लास सुरू करतेय, नक्की या’ हा मेसेज दोनशे लोकांना पाठवून काही होत नाही. अंगठे येतात, माणसं येत नाहीत. त्याऐवजी वीस जणांना वेगवेगळा निरोप द्या आणि प्रत्येकाला एकच विचारा: ‘तुमच्या ओळखीत कुणाला उपयोग होईल?’ स्वतःबद्दल विचारलं की लोक ‘बघू, पुढच्या महिन्यापासून’ म्हणतात. दुसऱ्याबद्दल विचारलं की नावं सुचतात.

दुसरा मार्ग ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ आणि भिशीचा. त्यांना दर महिन्याला कार्यक्रमाला कुणीतरी हवंच असतं. अर्ध्या तासाचा विषय मागून घ्या, पण ‘योगाचे महत्त्व’ हा विषय घेऊ नका, तो प्रत्येकानं ऐकलाय. ‘जमिनीवरून हात न टेकता उठता यावं म्हणून’ असा विषय घ्या. आपल्याकडे पूजेला मांडी घालता येत नाही, पंगतीत खुर्ची मागावी लागते, ही साठीनंतरची मोठी खंत असते. तिथल्या तिथे खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे दोन प्रकार करून घ्या. निघताना कागदाच्या चिटोऱ्यावर वेळ, जागा आणि फोन नंबर द्या. व्हिजिटिंग कार्ड पर्समध्ये हरवतं, चिटोरी फ्रिजवर लागते.

जवळचे फॅमिली डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना एकदा भेटून या. त्यांच्या गर्दीच्या वेळी जाऊ नका. तुम्ही काय शिकवता, कुणाला घेत नाही, हे दोन मिनिटांत सांगा. त्यांनी पेशंट पाठवला तर महिन्याभरानं चार ओळी लिहून कळवा: काय करून घेतलं, काय टाळलं, काय फरक वाटतो. कमिशनची भाषा अजिबात नको. तुम्ही देऊ केलंत तर चांगला डॉक्टर तिथंच दुरावतो आणि वाईट डॉक्टर कायमचा चिकटतो.

गूगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते. घरचा पत्ता न दाखवता फक्त भाग दाखवता येतो, एकट्या राहणाऱ्या शिक्षिकांनी तसंच करावं. जुन्या लोकांना मराठीत दोन ओळी लिहायला सांगा. ‘गुडघ्यांना खूप फरक पडला, मॅडम घाई करत नाहीत’ हे कुठल्याही इंग्रजी पाच ताऱ्यांपेक्षा जास्त वाचलं जातं.

इन्स्टाग्रामबद्दल माझं मत जरा कडू आहे. शीर्षासनाच्या रीलला कौतुक मिळतं ते दुसऱ्या योगशिक्षकांचं. साडेदहाच्या बॅचमधल्या काकू ते बघून घाबरतात. ऑनलाइन शिकवायचं असेल तर वेळ घाला, नाहीतर महिन्यातून दोन साध्या चित्रफिती पुरेत.

४. फोन येतो तेव्हा

पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो.

‘योगा क्लास तुमचाच ना? फी किती आहे?’

‘बाराशे रुपये महिना, सोमवार ते शुक्रवार. तुमच्यासाठी विचारताय का?’

‘हो. म्हणजे मी आणि सासूबाई. त्या बाहत्तरच्या आहेत. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.’

‘गुडघा बदललाय का? मग या बॅचमध्ये त्यांना वज्रासन, मांडी असलं काही जमणार नाही, आणि सगळ्यांकडे बघत बसून त्या नाराज होतील. डॉक्टरांना विचारून घ्या. ते हो म्हणाले तर मंगळवारी दुपारी खुर्चीवरची छोटी बॅच आहे, तिथं आणा. तुम्ही उद्या साडेदहाला येऊन बघता?’

यात फी लगेच आणि आकड्यात सांगितली आहे. ‘ते आल्यावर बोलू’ म्हटलं की समोरचा समजतो, महाग असणार. आणि एका माणसाला या बॅचसाठी नको म्हटलं आहे. त्या ‘नको’मुळे सून येते, कारण तिला कळतं की इथं माणूस बघून शिकवतात.

आठवडाभर फुकट क्लास ठेवू नका. फुकटच्या आठवड्यात हॉल भरतो, आठव्या दिवशी तिघं उरतात आणि रिकामा हॉल बघून त्या तिघांचंही मन खट्टू होतं. एक तास फुकट पुरे, तोही चालू बॅचमध्ये.

५. पहिला तास

नव्या माणसाला दहा मिनिटं आधी बोलवा आणि एक कार्ड भरून घ्या. नाव, वय, घरच्या कुणाचा तरी फोन, चालू गोळ्या, झालेली ऑपरेशनं, दुखणारी जागा. ‘काही आजार आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ विचारलं की बीपी, थायरॉईड, शुगर सगळं बाहेर पडतं. बीपी असेल तर श्वास रोखून धरणं नको. हर्निया किंवा पोटाचं ताजं ऑपरेशन असेल तर कपालभाती नको. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. बाई गरोदर असेल आणि तुम्ही त्याचं वेगळं शिक्षण घेतलेलं नसेल, तर शिकलेल्या शिक्षिकेकडे पाठवा.

कार्डावरचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: ‘काय करता यावं असं वाटतं?’ लोक लिहितात, नातवाला उचलता यावं, लोकलमध्ये तासभर उभं राहता यावं, रात्री कूस बदलताना जाग येऊ नये. हे वाक्य त्यांच्याच शब्दांत ठेवा, पुढे लागणार आहे.

तासात नव्या माणसाला कमी शिकवा. चाळीस मिनिटांत चौदा आसनं करून घेतली की दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरवत नाहीत आणि घरचे म्हणतात, ‘सांगितलं होतं, हे वय आहे का!’ तीन गोष्टी नीट करून घ्या: भिंतीला हात लावून ताडासन, खुर्चीवर बसून पाठीचा पीळ, आणि पाय खुर्चीवर ठेवून शवासन. त्यांना दुसऱ्या रांगेत कडेला उभं करा. पहिल्या रांगेत लाज वाटते आणि मागच्या रांगेत तुम्ही दिसत नाही.

हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी विचारा, ‘खांदा धरून दाखवू का?’ पुरुष शिक्षकांनी तर यात कधीच सूट घेऊ नये. आणि ‘बापरे, किती कडक झालंय शरीर!’ हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळा. ती व्यक्ती ते घरी जाऊन सांगते आणि परत येत नाही.

संपल्यावर सगळे मॅट गुंडाळत असताना नव्या माणसाजवळ जा. उद्या मांड्या थोड्या दुखतील, कोमट पाण्यानं अंघोळ करा, परवा दुखणं कमी होईल, गुडघ्याच्या आत टोचलं तर मात्र मला फोन करा, असं सांगा. दुखणार हे आधी सांगितलेलं दुखणं माणूस सहन करतो.

६. फी आणि हिशेब

आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण गणित असं करा. बारा माणसं, बाराशे रुपये, म्हणजे १४,४०० रुपये. हॉलचं भाडं ४,००० गेलं, राहिले १०,४००. सुट्ट्या वजा जाता महिन्यात साधारण वीस तास पडतात, म्हणजे तासाला ५२० रुपये. त्या तासाआधी अर्धा तास झाडलोट आणि नंतर अर्धा तास गप्पा धरल्या तर निम्मेच. हे कागदावर मांडलं की ‘आठशेत करा ना’ म्हणणाऱ्याला काय सांगायचं, ते तुम्हालाच कळतं.

फी आगाऊ घ्या, महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. तिमाही फीवर थोडी सवलत द्या, रोजच्या हिशेबानं कधी घेऊ नका. चुकलेले दिवस पुढच्या महिन्यात सरकत नाहीत हा नियम पहिल्याच दिवशी छापून द्या. आजारपण आणि घरातलं दुःख याला अपवाद करा, आणि तो तुम्हीच आपणहून करा. मैत्रीण, वहिनी, शेजारीण यांनाही फी तीच. सवलत द्यायची तर जाहीर द्या, कारण सोसायटीत कुणी किती दिले हे तासाभरात सगळ्यांना कळतं. मागायला संकोच वाटत असेल तर एक तारखेला गटावर क्यूआर कोड टाका आणि ज्यांची आली त्यांना पावती पाठवा. बाकीच्यांना आठवण होते.

घरी जाऊन शिकवत असाल तर येण्याजाण्याचा वेळ फीत धरा. ऐन वेळी रद्द केलेला तास मोजला जाईल हे आधी सांगा. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेल्यावर लागते, त्यामुळे सुरुवातीला ती चिंता नको; पण मिळकत लिहून ठेवा आणि वर्षातून एकदा सीएकडे जा.

७. तिसरा आठवडा

पहिला आठवडा उत्साहात जातो, दुसरा अंगदुखीत. तिसऱ्या आठवड्यात दुखणं थांबलेलं असतं आणि फरक अजून दिसलेला नसतो. तेवढ्यात घरी पाहुणे येतात किंवा पोराची परीक्षा येते. दोन दिवस चुकतात, तिसऱ्या दिवशी जायची लाज वाटते, आणि मग तुम्ही समोरून दिसलात की माणूस रस्ता बदलतो.

म्हणून हजेरीची वही ठेवा, साधी दोनशे पानी. लागोपाठ दोन गैरहजेऱ्या पडल्या की त्याच दुपारी खासगी मेसेज:

‘काकू, दोन दिवस दिसला नाहीत. तब्येत बरी ना? गुडघा धरला असेल तर सांगा, उद्या खुर्चीवरचंच घेऊ.’

यात ‘का आला नाहीत’ कुठेही नाही. परत यायला एक कारण आहे आणि उद्याचा दिवस आहे. व्हॉट्सॲप गटावर ‘आज हजेरी कमी, सगळ्यांनी नियमित यावे’ असं कधी टाकू नका. जे आलेले असतात त्यांनाच ते वाचावं लागतं. गट फक्त सुट्टी, वेळ आणि फीसाठी ठेवा. सुप्रभातचे फुलांचे फोटो सुरू झाले की लोक गट म्यूट करतात आणि सुट्टीचा निरोपही हुकतो.

दुसरं काम मोजण्याचं. फरक पडतो, पण तो रोज थोडा पडत असल्यानं ज्याचा त्याला कळत नाही. पहिल्या दिवशी तीन मापं कार्डावर घ्या: हात छातीवर बांधून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, भिंतीजवळ एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं, आणि पाठीमागे हात कुठपर्यंत पोचतो. महिन्यानं तीच मापं पुन्हा घ्या आणि जुना आकडा शेजारी दाखवा. त्याबरोबर त्यांनी लिहिलेलं वाक्य वाचून दाखवा, ‘नातवाला उचलता यावं’ लिहिलं होतंत, आता काय म्हणता? यावर जे बोलणं होतं त्यातून पुढच्या महिन्यात काय शिकवायचं ते ठरतं. वजन मात्र तुम्ही मोजू नका. ते दिवाळीच्या फराळावर जास्त अवलंबून असतं आणि दोष योगाला येतो.

८. वर्षाचं चक्र

आपल्याकडे क्लास सणांवर चालतो. जानेवारीत गर्दी, मार्चमध्ये परीक्षांची गळती, मेमध्ये सगळे गावाला. जून म्हणजे शाळा, पाऊस आणि २१ तारखेचा योग दिन. गणपतीत दहा दिवस, नवरात्रात उपास, मग दिवाळी. हे थांबवता येत नाही, फक्त आधी मांडता येतं. गणपतीआधीच्या शुक्रवारी ‘घरी दहा मिनिटं’ असा स्वतःच्या आवाजातला निरोप पाठवा, आणि विसर्जनानंतर नेमक्या कुठल्या सोमवारी सुरू हे तेव्हाच जाहीर करा. ‘गणपतीनंतर’ एवढंच म्हटलं तर काहींचा ‘नंतर’ दसऱ्याला उगवतो. मेमध्ये अर्ध्या फीत आठवड्यातून तीन दिवस ठेवा. गावातल्या उरलेल्या चार माणसांमुळे हॉलही हातातून जात नाही.

योग दिनाला शाळा, बँका, कंपन्या अचानक फोन करतात. आयुष मंत्रालयाचा ठरलेला सामान्य योग क्रम साधारण ४५ मिनिटांचा आहे, तो पाठ ठेवा. शाळेला जमेल तसं, पण कंपनीला मानधन सांगा. शाल आणि श्रीफळ घरी पुष्कळ जमतात. त्या दिवशी आलेल्यांपैकी नियमित होणारे थोडे, पण कंपनीच्या एचआरचा नंबर मिळतो आणि पुढे आठवड्यातून दोन तासांचं काम त्यातून निघतं.

मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या काकू प्रत्येक बॅचमध्ये असतात. त्यांना जाऊ देऊ नका, म्हणजे मनानं. संध्याकाळी साडेसातचा ऑनलाइन तास न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी दहाचा आणि थंडीत नऊचा पडतो, दुबईत संध्याकाळी सहाचा. तिथं त्यांना चालत जाण्याजोगं काही नसतं, मराठीत बोलायला माणूस नसतो. आणि त्यांच्या शेजारच्या दुसऱ्या आजीही आठवड्याभरात कॅमेऱ्यासमोर बसतात.

९. नाही म्हणणं

‘मधुमेह मुळापासून बरा’ असलं काही बोर्डावर लिहू नका आणि तोंडानं बोलू नका. गोळी कमी करायची का, हा प्रश्न आला की उत्तर एकच: डॉक्टरांना विचारा. छातीत दुखणं, हाताला मुंग्या, अचानक चक्कर असं कुणी सांगितलं तर त्या दिवशी क्लास नाही, दवाखाना. लग्नाआधी महिन्यात दहा किलो उतरवायचे असणाऱ्यांना प्रेमानं परत पाठवा, ते पैसे देतात आणि नंतर बदनामीही करतात.

फोन रात्री नऊनंतर उचलायचा नाही हेही ठरवून टाका. आणि आपल्याच भागातल्या दुसऱ्या एखाद्या शिक्षकाशी संधान बांधा. तुम्हाला ताप आला की तो तुमची बॅच घेईल, त्याला गावी जायचं असलं की तुम्ही त्याची. लोक पळवले जातील ही भीती सगळ्यांना असते. पण ‘आज क्लास नाही’ या मेसेजांनी जेवढे लोक जातात तेवढे दुसरा शिक्षक नेत नाही.

बॅच पंधराच्या पुढे गेली की नवी नावं वहीत मागे लिहून ठेवा आणि सहा-सात जमल्यावरच दुसरी वेळ उघडा. फी वाढवायची असेल तर एप्रिलमध्ये वाढवा, फेब्रुवारीत कळवा, आणि ज्यांनी तिमाही भरली आहे त्यांना ती संपेपर्यंत जुनाच दर ठेवा.